मोरीतून येणारा वारा

पौष-माघाच्या दिवसांत ग्वाल्हेरकडील जुन्या घरांतून एक तक्रार हटकून ऐकू येते. खिडक्या लावून घेतल्या, दारांच्या फटींत चिंध्या कोंबल्या, तरी पहाटे स्वयंपाकघरात पाऊल टाकताच पायांना गार वारा झोंबतो. हा वारा येतो कोठून, याचा शोध घेता घेता नजर अखेर कोपऱ्यातील मोरीकडे वळते. सांडपाणी बाहेर जावे म्हणून भिंतीला ठेवलेल्या भोकाने थंडीला राजरोस वाट करून दिलेली असते.

यामागील कारण साधे आहे. घरातील उबदार हवा हलकी असल्यामुळे वर चढते आणि छपराच्या सांदींतून, झरोक्यांतून बाहेर पडते. तिची जागा भरून काढण्यासाठी बाहेरची थंड, जड हवा खालच्या बाजूने आत ओढली जाते. आणि घरात सर्वांत खाली असलेले उघडे तोंड म्हणजे मोरीचे. शेगडी पेटली की ही ओढ वाढते. म्हणूनच ऊब आणण्याची खटपट जितकी अधिक, तितका मोरीतला वारा अधिक, असा विचित्र अनुभव येतो.

प्रथम वाऱ्याचा मार्ग निश्चित करावा. पेटलेली उदबत्ती मोरीच्या तोंडाशी धरावी. धूर आतल्या बाजूस ढकलला गेला, तर वारा भोकातून येतो आहे. तोंडाशी धूर स्थिर राहून नळाच्या कडेशी हलला, तर दोष नळ व भिंत यांमधील फटीचा आहे. अशी फट एक भाग सिमेंट व तीन भाग वाळू यांच्या गिलाव्याने बुजवली की काम भागते.

भोकातून येणाऱ्या वाऱ्यासाठी चिंध्यांचा बोळा हा सर्वांचा परिचित उपाय. रात्रीपुरता तो चालतो. परंतु सकाळी तो काढण्याचे विसरले की मोरी तुंबते आणि पाणी घरभर पसरते. शिवाय ओल्या चिंधीला दुर्गंधी सुटते ती वेगळीच.

खरा उपाय असा हवा की, पाणी जावे पण हवा येऊ नये. ही किमया पाणीच करते. वाहत्या नळाला वाकण दिले, की त्या वाकणात थोडे पाणी कायम साचून राहते आणि हवेला अटकाव करते. वरून नवे पाणी आले की जुने पुढे सरकते. अडसर मात्र तसाच राहतो. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग यांनी आपल्या शौचकूपाच्या पेटंटात नळाचे असेच वाकण योजले होते. आपल्याकडे गवंडी ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात, त्याचे तत्त्व हेच. त्यात सुमारे ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच खोल पाणी राहिले पाहिजे. जमीन खोदणे शक्य नसेल, तर नळाच्या बाहेरील टोकाला वाकण जोडता येते. या अडसरामुळे थंडीबरोबरच गटारातील दुर्गंधी आणि झुरळे यांनाही आळा बसतो.

काही ट्रॅपांत जाळीखाली एक पालथी वाटी असते. पाणी लवकर जात नाही म्हणून पुष्कळ घरांत ती काढून फेकून देतात. आणि तिच्याबरोबर अडसरही जातो. वाटी फेकू नये, तिच्याखाली अडकलेले केस व गाळ काढावा.

दुसरी गोष्ट, वापरात नसलेल्या मोरीतील पाणी काही आठवड्यांत सुकून जाते. तीत दर आठवड्यास तांब्याभर पाणी ओतावे. घर फार दिवस बंद राहणार असेल, तर त्यावर चमचाभर गोडेतेल सोडावे. त्याच्या तवंगामुळे पाणी सावकाश आटते. ही काळजी क्षुल्लक नव्हे. २००३ साली हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सच्या साथीने तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले. तेथील न्हाणीघरांतील सुकलेल्या ट्रॅपांमधून मलवाहिनीतील दूषित तुषार घरांत शिरले असावेत, असा निष्कर्ष तपासात निघाला.

मात्र या साऱ्या खटपटीत एका गोष्टीचा विसर पडता कामा नये. मोरीचा वारा थांबला, दारे-खिडक्यांच्या फटी बुजल्या आणि त्याच बंद खोलीत कोळशाची शेगडी धुमसत राहिली, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागेही होऊ देत नाही. बंद न्हाणीघरातील गॅसच्या बंबाचाही हाच धोका. ज्या फटींना आपण दोष देतो, त्यांनीच कित्येकदा नकळत प्राण राखलेले असतात. म्हणून निजण्यापूर्वी शेगडी खोलीबाहेर ठेवावी, गॅसचा बंब न्हाणीघराबाहेर बसवावा आणि उंचावरील झरोका कधीही बुजवू नये.

घराला हवा हवीच. ती मोरीच्या वाटेने मात्र नको. खाली दोन इंच पाण्याचा अडसर आणि वर उघडा झरोका, एवढी व्यवस्था ज्या घरात आहे, तेथील म्हातारी माणसे आणि तान्ही मुले हिवाळ्याची रात्र सुखाने व निर्धास्तपणे काढतील.