बॅटरी घरी बांधावी की विकत आणावी?

३ जून २०२० हा दिवस आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात कोण विसरेल? ‘निसर्ग’ चक्रीवादळानं दापोली-मंडणगडला झोडपून काढलं. विजेचे खांब आडवे झाले आणि कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी हाताशी बॅटरी हवीच. पण ती घरी बांधायची की विकत आणायची?

आधी एक गंमत. आपण विजेरीलाच ‘बॅटरी’ म्हणतो. खरं तर एकटा असतो तो सेल. अनेक सेल जोडले की होते बॅटरी! पुन्हा चार्ज होणारा निकेलचा साधा सेल १.२ व्होल्टचा असतो. असे ४ सेल एकापुढे एक जोडले की ४.८ व्होल्ट मिळतात. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, म्हणून मध्ये १०० ओहमचा रोधक घालायचा. मग प्रवाह भरतो सुमारे १८ मिलिअँपिअर. सेलवर २००० लिहिलेलं असेल, तर २००० भागिले १८, म्हणजे हिशेबानं शंभराहून जास्त तास उजेड! सेलहोल्डर, बटण, वायर आणली की झालं. हे जरूर घरी बांधा. फक्त दोन टोकं एकमेकांना थेट चिकटू देऊ नका, वायर तापते. आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेत होल्डरच्या स्प्रिंगा गंजतात, त्या अधूनमधून पुसा.

मोबाइल चार्ज करायचा असेल, तर गोष्ट वेगळी. तिथं लागतात लिथियमचे सेल. ते ४.२ व्होल्टच्या वर चार्ज झाले, चेपले किंवा टोचले गेले, तर पेट घेऊ शकतात. तयार पॉवर बँकेत चार्जिंग वेळेवर थांबवणारं संरक्षक सर्किट असतं. म्हणून ती विकतच आणा, भारतीय मानक ब्यूरोची खूण पाहून. भंगारातल्या मोबाइलचा फुगलेला सेल उघडायचा तर विचारही नको, बरं का!

थोडक्यात, उजेडासाठी बांधा, मोबाइलसाठी आणा. बांधलेली बॅटरी बिघडली तर कुठं बिघडली हे तुम्हालाच कळेल, हा फायदा काय कमी आहे?

आता कागदावर एक गणित सोडवा : ४ सेलांपैकी १ उलटा बसला, तर किती व्होल्ट मिळतील? एलईडी लागेल का?