अवयवदान : निर्णयाची वेळ आधीची

आपल्या विद्यालयात सकाळी त्रिशरण-पंचशील होते आणि इतिहासाच्या तासाला अजिंठ्याची चित्रे दाखवली जातात. सतराव्या लेण्यात शिबी राजाचे चित्र आहे. दारी आलेल्या अंध याचकाला हा राजा स्वतःचे डोळे देतो. पाली जातककथेत डोळे काढणाऱ्या वैद्याचे नावही येते, सीवक. वर्षानुवर्षे ही कथा आम्ही विद्यार्थ्यांना रंगवून सांगत आलो. ती आमच्याच दारी आली तेव्हा मात्र आम्ही नाही म्हणालो.

काही वर्षांपूर्वी आमचे धाकटे बंधू महामार्गावरील अपघातात जखमी झाले. डोक्याला जबर मार होता. त्यांना मोठ्या शहरातील रुग्णालयात हलवले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मेंदू मृत झाल्याचे सांगितले आणि अवयवदानाविषयी विचारले. यंत्राच्या साहाय्याने छाती वरखाली होत होती, हात उबदार होता. आई एवढेच म्हणाली, "तेचा आंग अजून गरम आसा." त्यांची स्वतःची इच्छा काय होती, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते, कारण हा विषय कधी निघालाच नव्हता. आम्ही नकार दिला. तो योग्य की अयोग्य, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु न जाणता दिलेला नकार किती काळ मनाला टोचत राहतो, हे आम्ही अनुभवले आहे. इतरांवर तशी वेळ येऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

मृत्यू कोणता, दान कोणते

मेंदूच्या मुळाशी असलेला भाग, मस्तिष्कस्तंभ, श्वसनाचे नियंत्रण करतो. तो कायमचा निकामी झाला की माणूस पुन्हा स्वतःहून श्वास घेऊ शकत नाही. व्हेंटिलेटरमुळे प्राणवायू मिळत राहतो, म्हणून हृदय आणखी काही काळ धडधडते व अंग उबदार राहते. कोमा ही याहून वेगळी अवस्था आहे. कोमातील रुग्ण जिवंत असतो आणि बरा होऊ शकतो. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू हा मृत्यूच मानला. त्यासाठी चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातील डॉक्टर या मंडळात नसतात. ही माहिती त्या दिवशी आम्हांला असती, तर निदान आईच्या प्रश्नाला उत्तर देता आले असते.

अशा मृत्यूनंतर मूत्रपिंडे, यकृत, हृदय, फुप्फुसे, स्वादुपिंड असे अवयव देता येतात. परंतु आपल्या वाड्यांवर बहुतेक माणसे घरीच, वार्धक्याने किंवा आजाराने जातात. त्यांचे हृदय थांबलेले असल्यामुळे हे अवयव उपयोगी पडत नाहीत. नेत्रदान मात्र होऊ शकते. ते मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते. पथक येईपर्यंत पापण्या मिटवाव्यात, त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोके उशीवर किंचित उंच ठेवावे. चष्मा असला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली किंवा मधुमेह असला तरी नेत्रदानास सहसा अडचण येत नाही. चेहरा विद्रूप होत नाही. संपूर्ण देहदान हा तिसरा मार्ग. त्यात देह वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे जातो आणि विद्यार्थी त्यावर शिकतात.

धम्म काय सांगतो

आमच्या आईच्या मनात आणखी एक भीती होती, देह अपुरा गेला तर पुढे काय? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पुनर्जन्माची चर्चा करताना आत्म्याचे अस्तित्व नाकारले आहे. देह पृथ्वी, आप, तेज, वायू या चार महाभूतांचा बनलेला असून मरणानंतर ती महाभूते निसर्गातील आपापल्या राशीत मिसळतात, अशी त्यांची मांडणी आहे. मागे राहणारा अथवा पुढे जाणारा आत्माच नसेल, तर त्याला डोळे कमी पडण्याचा प्रश्न कोठून येणार? बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान नाकारले आहे, तसेच दहा पारमितांचे पालन स्वीकारले आहे. थेरवाद परंपरेत दान पारमितेच्या तीन पायऱ्या सांगितल्या जातात : वस्तूंचे दान, शरीराच्या अवयवांचे दान आणि प्राणांचे दान. श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्व्हा यांनी १९६१ मध्ये नेत्रदान संस्था स्थापन केली आणि १९६४ पासून त्या बौद्ध देशातून परदेशी नेत्रपटल जाऊ लागले.

सर्व बौद्ध मात्र एकाच मताचे नाहीत. श्वास थांबल्यावरही काही काळ चित्त देहात असते, म्हणून देह हलवू नये, असे तिबेटी परंपरेतील काही जण मानतात. त्यांच्या श्रद्धेचा आदर राखूनही, आपण स्वीकारलेल्या धम्मात ही अडचण नाही, असे आम्हांस वाटते. अवयव काढल्यावर देह कुटुंबाच्या स्वाधीन केला जातो. अंत्यसंस्कार, परित्राणपाठ, जलदानविधी सारे यथासांग करता येते.

देणारे कोण, घेणारे कोण

समाजातील एक जुना प्रश्न टाळून चालणार नाही : आम्ही द्यायचे आणि श्रीमंतांनी घ्यायचे काय? ही शंका निराधार नाही. गरिबांच्या मूत्रपिंडांचा बाजार मांडला गेला होता, म्हणून तर खरेदी-विक्रीला गुन्हा ठरवणारा कायदा करावा लागला. आज महाराष्ट्रात मृत दात्यांच्या अवयवांचे वाटप विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्यांच्या प्रतीक्षायादीनुसार होते. रक्तगट, प्रतीक्षेचा काळ, आजाराची तीव्रता पाहिली जाते. जात विचारली जात नाही. ज्यांच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानले गेले आणि ज्यांना १९२७ साली चवदार तळ्यावर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्यांचे मूत्रपिंड आज कोणाच्याही देहात रुजते, हा इतिहासाच्या विद्यार्थ्याला अंतर्मुख करणारा बदल आहे. तरीही शस्त्रक्रिया आणि आयुष्यभराची औषधे महाग आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी साहाय्य मिळते; ते प्रत्येक गरजूपर्यंत पोहोचावे, ही मागणी दानाइतकीच आपली जबाबदारी आहे.

जिवंतपणीच्या दानाविषयीही सावध असावे. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रिया अधिक आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक आढळतात. बुद्धांनी कर्माचे मूळ चेतनेत सांगितले. पत्नी किंवा माता दडपणाखाली 'हो' म्हणाली, तर त्याला दान म्हणता येणार नाही.

घरातील संभाषण

संकल्पपत्र भरणे सोपे आहे. राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकाच्या साहाय्याने नोंद करता येते. १८०० ११ ४७७० या क्रमांकावर विनामूल्य माहिती मिळते. परंतु नुसत्या पत्राने काम होत नाही. प्रत्यक्षात जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती घेतल्याशिवाय अवयव काढले जात नाहीत. म्हणून कपाटात ठेवलेल्या कार्डापेक्षा घरच्यांना सांगितलेला शब्द अधिक उपयोगाचा.

आम्ही अवयव व नेत्रदानाचा संकल्प केला आणि तो घरात सर्वांसमोर सांगितला. आमच्या सहचारिणींनी नेत्रदानास होकार दिला. बाकीच्याविषयी विचार करण्यास वेळ मागितला. तो निर्णय त्यांचा आहे. वृद्ध आईने सारे ऐकून घेतले आणि आपले डोळे द्यावेत, असे स्वतःहून सांगितले.

मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी येतात, सारे घर पडवीत एकत्र बसते. माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना विनंती एवढीच की, त्या बैठकीत एकदा हा विषय काढावा. कोणी 'हो' म्हणेल, कोणी 'नाही'. दोन्ही उत्तरे घरच्यांना ठाऊक असावीत, म्हणजे अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला मृताच्या मनाचा अंदाज बांधत बसावे लागणार नाही.

भवतु सब्ब मंगलं.