पेरणीची घाई नको, आधी ओल बघा

शेतकरी बंधूंनो, मृगाचा पहिला शिडकावा झाला, शेजाऱ्याची तिफण निघाली, की आपला जीव खालीवर होतो. लगेच विचारणा, "साहेब, टाकू का बी?" अहो, आधी खुरप्यानं वीतभर उकरून तर बघा! वर ओल अन् खाली फुफाटा असेल तर बी फुगतं, कोंब येतो आणि आठ दिवस उघडीप पडली की जागीच करपतो. मग दुबार पेरणी. बियाणं, मजुरी सगळं पुन्हा, तेही उसनवारीनं.

२०२३ साली बहुतेक भागात मृग कोरडाच गेला. पाऊस जूनअखेरीस आला. थांबलेल्यांचं बी तरी वाचलं.

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीनला हात लावू नका. तालुक्याच्या आकड्यावर जाऊ नका, पाऊस शिवारागणिक वेगळा. सोयाबीन जुलैच्या मध्यापर्यंत पेरता येतं. मूग-उडदाला मात्र एवढा उशीर सोसत नाही.

तोवर हातावर हात ठेवून बसू नका. घरच्या बियाण्याचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा. ७० उगवले तर ठीक, कमी भरले तर त्या मानानं बी वाढवा. आणि वापसा आल्यावर ३ ते ४ सेंटिमीटरपेक्षा खोल पेरू नका.