हिशेबाची वही आपल्या हाती हवी

पेरणीच्या तोंडावर वऱ्हाडातल्या शेतमजुराच्या घरी पैसा नसतो. निंदणाची मजुरी पुढे मिळणार, पण पोरांच्या शाळेचा खर्च आणि आजारपण आजच दारात उभे. मग पाच रुपये शेकड्याने सावकाराचे दहा हजार आणले, की महिन्याला ५०० रुपये नुसते व्याज. वर्षाला ६,००० रुपये गेले आणि मुद्दल जागच्या जागी!

या जाचातून वाट काढली ती बचत गटांनी. नाबार्डने १९९२ साली गट बँकांशी जोडण्याचे काम सुरू केले. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, २४ फेब्रुवारी १९७५ रोजी स्थापन झाले होते. २००७ साली सुरू झालेल्या ‘तेजस्विनी’ कार्यक्रमात माविमने गटांची लोकसंचालित साधन केंद्रे उभी केली. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतही ती आहेत.

याची रचना सोपी आहे. दहा ते वीस बायांचा एक गट, गावातल्या गटांची मिळून समिती आणि वीसेक गावांचे मिळून केंद्र. केंद्राचा कारभार गटांतून निवडलेल्या बायाच पाहतात. बँकेचे कर्जप्रकरण तयार करणे, वह्या तपासणे, शेळीपालनासारख्या धंद्याची माहिती देणे ही केंद्राची कामे. त्याचे सेवाशुल्क घेऊन केंद्राने आपला खर्च भागवावा, अशी योजना आहे.

अमेरिकेतही गरिबीविरुद्धच्या १९६४ च्या कायद्यातून अशा स्थानिक संस्था निघाल्या. त्यांच्या संचालक मंडळात किमान एक तृतीयांश प्रतिनिधी गरीब वस्त्यांचे असावेत, असा तिथे नियम आहे. ज्याचे दुःख, त्याला मत. हे तत्त्व आपणही नीट ध्यानात घ्यावे.

आता हिशेब पाहू. पंधरा बायांनी दरमहा शंभर रुपये टाकले, तर वर्षाला १८,००० रुपये जमतात. त्यातून दोन रुपये शेकड्याने दहा हजार घेतले, तर महिन्याचे व्याज २०० रुपये. आणि तेही गटातच राहते, सर्वांच्या वाट्याला येते.

परंतु आम्ही गावोगाव फिरतो तेव्हा एक गोष्ट खटकते. आपल्या वस्तीतल्या भगिनी गटात असतात, बचतही नेमाने भरतात. पण वही दुसऱ्याच्या घरी आणि समितीची खुर्चीही दुसऱ्याचीच. बैठक भरदुपारी ठेवली, की मजुरीला गेलेली विधवा बहीण आपोआप बाहेर राहते. जिचा रोज बुडतो, तिनेच गप्प बसायचे काय?

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात बाबासाहेबांच्या उपस्थितीत दलित महिला परिषद झाली. तिच्या अध्यक्षा अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. गिरणी आणि विडी कामगार स्त्रियांच्या हक्कांचे ठराव त्या परिषदेने मंजूर केले. ऐंशी वर्षांपूर्वी आपल्या आया-आज्या सभेची खुर्ची भूषवीत होत्या. मग आपण कोपऱ्यात का बसावे?

तेव्हा भगिनींनो, एवढे करा. बैठक सांजच्याला, मजुरी सुटल्यावर ठेवायला लावा. वही दर बैठकीत मोठ्याने वाचायला सांगा. बँकेचे पासबुक दर महिन्याला भरून आणा. घरात दहावी-बारावी झालेली लेक वा सून असेल, तर वही लिहायचे काम तिच्याकडे मागून घ्या. आणि केंद्राची निवडणूक येईल तेव्हा वस्तीतून एक तरी नाव पुढे द्या. पैसा आपला आहे, तर हिशेबही आपल्यालाच कळला पाहिजे.