परसांतलें औषध

एका शब्दाचे दोन अर्थ असावेत यांत नवल नाहीं. परंतु तारक आणि मारक अशा दोन्ही वस्तूंना एकाच शब्दानें हांक मारली जावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. 'औषध' हा तो शब्द होय. नातवाच्या खोकल्यावर आजी अडुळशाचा रस देते तेंहि औषध. आणि शेतकरी कपाशीवर जें विष फवारतो, त्याविषयींहि तो 'औषध मारलें' असेंच म्हणतो. सन २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत हें दुसरें औषध फवारतां फवारतां वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेनें दगावले. वस्तुतः ज्या 'ओषधि' शब्दापासून आपला शब्द आला, त्याचा मूळ अर्थ, फळ पिकतांच जिचें आयुष्य संपतें अशी वनस्पति, एवढाच आहे. वनस्पतीचें हें नांव निदान आपल्या घरापुरतें तरी पुन्हां वनस्पतीला परत देतां येईल काय, आणि तसें करतांना कोणती सावधगिरी बाळगावी लागेल, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आपल्या वाचकांपैकीं अनेक कोंकणस्थ कुटुंबें कुलस्वामिनीच्या दर्शनास अंबाजोगाईला जातात. योगेश्वरीची ओटी भरली कीं परतीच्या गाडीची घाई होते, आणि भोंवतालचा मुलूख पाहावयाचा राहून जातो. अंबाजोगाईच्या शेजारीं केज तालुका आहे व त्या तालुक्यांत युसूफ वडगांव हें गांव आहे. बीड जिल्ह्याचा हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत असे. बालाघाटच्या डोंगररांगेचा हा प्रदेश पर्जन्यछायेंतला. सखल भागीं काळी जमीन, माळावर मुरूम, आणि पावसाचा भरंवसा कमी. मांजरा नदीवरील धनेगांवचें धरण याच तालुक्यांत आहे. तें २०१६ सालीं कोरडें पडलें आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी पोंचवावें लागलें, हें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. अशा मुलुखांत 'घरीं भाजी लावा' असा उपदेश करणें सोपें. पाणी कोठून आणावें हें सांगणें कठीण. म्हणून आपण पाण्यापासूनच आरंभ करूं.

जुन्या घरांत परसबागेसाठीं म्हणून वेगळें पाणी क्वचितच काढीत. न्हाणीचें पाणी लहानशा पाटानें अळवाच्या वाफ्यांत, तेथून केळीला व कर्दळीला जाई. स्वयंपाकघरांतलें तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेलें पाणी बादलींत सांठवून मिरच्या-कोथिंबिरीला घालीत. ही व्यवस्था आजहि उत्तम आहे. मात्र एक भेद ध्यानांत घ्यावा. त्या काळीं न्हाण्याला शिकेकाई आणि भांड्यांना राख असे. आज साबण व धुण्याची पूड आहे. कपड्यांच्या पुडींतील क्षार काळ्या जमिनींत सांचून तिचा पोत बिघडवितात. तेव्हां धुण्याचें पाणी बागेंत सोडूं नये. न्हाणीचें पाणी केळी-कर्दळीपुरतें ठेवावें. आणि पालेभाजीला स्वयंपाकघरांतलेंच पाणी द्यावें. दहा माणसांच्या एकत्र कुटुंबांत तें रोज एक-दोन बादल्या सहज निघतें. पाणी संध्याकाळीं घालावें, मुळांभोंवतीं पाचोळ्याचा थर पसरावा, आणि मोठ्या झाडाजवळ तळाला बारीक भोंक पाडलेलें मडकें पुरून तें भरून ठेवावें. उन्हाळ्यांत या तीन गोष्टींनीं जें साधतें, तें नुसत्या अधिक पाण्यानें साधत नाहीं.

पाण्यानंतर खत. सर आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज कृषिशास्त्रज्ञ १९२४ पासून १९३१ पर्यंत इंदूर येथें होते. हिंदी शेतकऱ्याला शिकविण्यास आलेला हा मनुष्य अखेरीस त्या शेतकऱ्यालाच, नव्हे पिकावरच्या किडीलाहि, आपला गुरु मानूं लागला. जगभर ज्या सेंद्रिय शेतीचा आज गाजावाजा आहे, तिचा एक मोठा झरा आपल्या इंदुरांतूनच निघाला, हें अनेकांस ठाऊक नसतें. त्यांची रीत घरगुती प्रमाणांतहि चालते. परसाच्या कोंपऱ्यांत पाचोळा, भाज्यांचीं देंठें व साली, त्यांवर शेणाचा काला, त्यावर थोडी माती व राख, असे थरांवर थर द्यावेत. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओलसर ठेवावा. व दोन-तीन वेळां खालवर करावा. सुमारें तीन महिन्यांत त्याचें काळें, सुट्टें, मातीच्या वासाचें खत होतें. दुर्गंधि सुटली तर पाणी जास्त झालें, आणि ढीग तसाच राहिला तर कमी पडलें, असें समजावें.

किडीसाठीं बाजारांतलें 'औषध' आणण्याचें घरच्या बागेंत कारण नाहीं. वाळलेल्या निंबोळ्यांची भरड पूड पन्नास ग्रॅम घेऊन एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजत घालावी, सकाळीं फडक्यानें गाळावी, त्यांत चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवावा आणि उन्हें उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंस शिंपडावें. मावा व पानें खाणाऱ्या अळ्या यांनीं पुष्कळ आटोक्यांत येतात. मराठवाड्यांत कडुलिंब दारोदार आहे. निंबोळ्या उन्हाळ्याच्या अखेरीस फुकट पडून जातात.

लावावें काय? कोरड्या प्रदेशाला साजेल तेंच. शेवग्याची मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडीं रोंवली कीं झाड होतें. त्याच्या शेंगा आपण खातों, परंतु कॅल्शियम व अ जीवनसत्त्व देणारा पाला मात्र टाकून देतों. अंबाडी, तांदुळजा, घोळ, गवार हीं सर्व थोड्या पाण्यावर येतात. मांडवावर दोडका व घेवडा चढवावा. मांडवाच्या सावलींत आलें-हळद लावावी.

आतां वनौषधींकडे वळूं, आणि येथेंच खरी सावधगिरी हवी. 'झाडपाल्याचें आहे, अपाय कशाला होईल?' हें वाक्य आपण घरोघर ऐकतों. ज्या अंगणांत तुळस आहे त्याच अंगणांत देवपूजेसाठीं कण्हेरहि आहे, आणि तिचें पान, फूल, मूळ सर्व विषारी आहे, एवढें आठवलें तरी या वाक्यांतील फोलपणा कळतो. बीडच्या सीताफळाचेंच उदाहरण घ्या. त्या फळाला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तें गोड, पौष्टिक, सर्वांचें आवडतें. परंतु उवांसाठीं त्याच्या बियांची पूड मुलींच्या केसांना चोळण्याची जी रीत आहे, तिच्यांत ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. फळ अमृत आणि बी विष, आणि दोन्ही एकाच सालीच्या आंत!

अडुळसा घ्या. त्याच्या पानांतील व्हॅसिसीन या द्रव्यावरून रसायनशास्त्रज्ञांनीं ब्रोमहेक्झिन हें कफ पातळ करणारें औषध सिद्ध केलें. म्हणजे आजीच्या पानाची साक्ष औषधांच्या दुकानांतील बाटलीहि देते. परंतु तोच अडुळसा गर्भाशयाचें आकुंचन करूं शकतो, म्हणून गरोदर स्त्रीला तो देऊं नये. आणि अनुपानाचा मध एक वर्षाच्या आंतील बालकाला चाटवूं नये.

गुळवेलीची कथा याहून बोधप्रद आहे. करोनाच्या साथींत लोकांनीं ती मिळेल तेथून आणून काढे प्याले. पुढें २०२१ सालीं मुंबईच्या वैद्यकतज्ज्ञांनीं अशा कांहीं रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचें नोंदविलें. त्यावर आयुष मंत्रालयानें आक्षेप घेतला कीं, त्या रुग्णांनीं घेतलेली वेल खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी असूं शकेल. या वादांत निवाडा करण्याचा आपला अधिकार नाहीं. परंतु गृहस्थाश्रमी माणसाला दोन्ही पक्षांकडून एकच धडा मिळतो: जी वेल आपण ओळखीत नाहीं, ती पोटांत घेऊं नये. आणि ओळखीची असली तरी वैद्याच्या सल्ल्यावांचून महिनोन्महिने घेऊं नये. आपल्या कडुलिंबावर आपण लावलेली, हृदयाकृति पानांची, वरची कागदासारखी साल खरवडतांच आंत हिरवी दिसणारी गुळवेल आणि बाजारांतून पुडींत आलेली भुकटी, यांत हाच मोठा फरक आहे. परसबागेचें मोल पैशाच्या बचतींत नाहीं, तें या ओळखींत आहे.

मर्यादाहि ओळखली पाहिजे. तीन दिवस न उतरणारा ताप, कावीळ, मुलाला लागलेली धाप, आणि विशेषतः सर्पदंश, यांवर परसांत उपाय शोधीत बसणें म्हणजे अमूल्य वेळ घालविणें होय. युसूफ वडगांवाच्या बाजूच्या लोकांस अंबाजोगाईचें स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय आहे. आपल्या प्रत्येकाच्या गांवाजवळहि असें कोणतें तरी रुग्णालय असेल. जी आजी 'आतां हें माझ्या हातचें नव्हे, दवाखान्यांत न्या' असें वेळेवर म्हणते, तिलाच औषध कळलें असें मानावें.

आणि ही आजी आतां किती घरांत उरली आहे? मुलगे पुण्या-मुंबईस, नाती परदेशीं, वाड्याला कुलूप. परसांतलीं झाडें वर्षा-दोन वर्षांत गवतांत दिसेनाशीं होतात. झाड पुन्हां लावतां येतें; परंतु कोणतें पान केव्हां खुडावें आणि कोणाला देऊं नये, हें जिला ठाऊक होतें ती गेली कीं तें ज्ञान पुन्हां रोंवतां येत नाहीं. स्मरणावर विसंबलेलें ज्ञान किती दुबळें असतें, हें हळदीच्या प्रकरणांत जगानें पाहिलें आहे. जखम भरून आणण्याचा हळदीचा गुण हा जणूं नवा शोध आहे असें मानून अमेरिकेंत १९९५ सालीं त्याचें पेटंट दिलें गेलें. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालीं भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्याला आव्हान दिलें आणि १९९७ मध्यें तें रद्द झालें. तेथें 'आमच्या घरीं पिढ्यान्पिढ्या हळद लावतात' एवढें सांगून भागलें नाहीं. जुने ग्रंथ व छापील निबंध पुढें ठेवावे लागले. जें लिहिलेलें होतें तें टिकलें.

डॉ. वामन गणेश देसाई यांनीं 'औषधीसंग्रह' हा मोठा ग्रंथ १९२७ सालीं मराठींत सिद्ध केला, तो याच जाणिवेचा. प्रत्येक घरानें ग्रंथ लिहावा असें नाहीं. एक वही पुरे. एका पानावर एक झाड: तें परसांत कोठें आहे, त्याची खूण कोणती, आपल्या घरीं तें कशासाठीं देतात, कोणाला देत नाहींत, आणि हें सांगितलें कोणी. मजकूर वडीलधाऱ्यांनीं सांगावा, सुनेनें किंवा नातवानें लिहावा, आणि पुढें एखाद्या जाणत्या वैद्याला तो दाखवून चूक असेल तेथें दुरुस्त करून घ्यावा. दिवाणखान्यांत वंशावळ टांगणारीं घरें आपल्यांत पुष्कळ आहेत. तिच्या शेजारीं ही वही शोभेल.

येत्या मृगाच्या सरीनंतर अडुळशाची एक फांदी आणून रोंवावी. बागेला जागा नसेल तर एका मोठ्या कुंडींत ती लागेल. पाणी घालण्याचें काम घरांतील सर्वांत लहान मुलाकडे द्यावें, आणि त्या झाडाचें नांव वहीच्या पहिल्या पानावर त्याच्याच हातून लिहवून घ्यावें.