गच्चीवरची टाकी किती उंच?

डिशवॉशर सुरू केला, आत थोडी गुणगुण झाली, पण पाणी आलेच नाही आणि काही मिनिटांनी पॅनेलवर एखादा संकेत लुकलुकू लागला, की घरोघरी निष्कर्ष एकच निघतो: मशीन बिघडले. बुलढाणा जिल्ह्यातल्या घरांपुरते बोलायचे, तर हा निष्कर्ष घाईचा आहे. इथे संशयाची सुई आधी गच्चीकडे वळायला हवी. बुलढाणा शहराला पैनगंगेवरच्या येळगाव धरणातून पाणी मिळते, खामगावला ज्ञानगंगेतून. पण धरण कोणतेही असो, नळाला चोवीस तास पाणी नसते. ते काही दिवसांआड सुटते, टाक्यात भरून ठेवावे लागते, मोटरने गच्चीवर चढवावे लागते आणि तिथून घरभर उतरते. म्हणजे स्वयंपाकघरातल्या नळाला मिळणारा दाब पालिकेचा नसतो, टाकीच्या उंचीचा असतो. डिशवॉशरची रचना मात्र अशा शहरांसाठी झाली, जिथे मुख्य वाहिनीतच रात्रंदिवस दोन-तीन बार दाब असतो.

हिशेब सोपा आहे. दहा मीटर उंचीचे पाणी म्हणजे साधारण १ बार दाब. बहुतेक मशीनच्या माहितीपुस्तिकेत किमान ०.३ ते ०.५ बार दाब मागितलेला असतो. अर्धा बार म्हणजे पाच मीटर, सुमारे साडेसोळा फूट. आता एकमजली घर घ्या. स्लॅब दहा फुटांवर, टाकी थेट स्लॅबवर ठेवलेली, तिच्यात तीन फूट पाणी. मशीनचा व्हॉल्व्ह जमिनीपासून वीतभर वर. टाकी काठोकाठ भरलेली असताना जेमतेम ०.३७ बार मिळतो आणि पाणी तळाला गेले की ०.३ बारच्याही खाली येतो. त्यात अर्ध्या इंचाचा पाइप, चार-पाच एल्बो आणि जुन्या लोखंडी पाइपातला गंज आपापला वाटा खातात. म्हणून सकाळी चाललेले मशीन संध्याकाळी अडते, किंवा दुमजली घराच्या खालच्या मजल्यावर बिनतक्रार चालणारे मशीन वरच्या स्वयंपाकघरात हलवले की पाणी घेत नाही. मशीन तेच असते, फक्त टाकीपासूनचे अंतर बदललेले असते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की सिंकचा नळ तर धो-धो वाहतो, मग दाब कमी कसा? नळ आपण हाताने उघडतो. त्याला दाबाची गरज नसते, नुसता उतार पुरतो. डिशवॉशरच्या व्हॉल्व्हमध्ये एक रबरी पडदा असतो. वीज मिळाली की कॉइल छोटी दांडी वर खेचते, पडद्यामागचे पाणी बारीक छिद्रातून निसटते आणि मग पुढून येणाऱ्या पाण्याच्या दाबानेच पडदा उचलला जातो. वीज फक्त ते छिद्र उघडते, मुख्य वाट पाण्याला स्वतःच्या जोरावर उघडावी लागते. जोर अपुरा असेल तर गुणगुण ऐकू येते, पाणी येत नाही. दुसरा आक्षेप वॉशिंग मशीनचा: ते त्याच टाकीवर कसे भरते? सेमी-ऑटोमॅटिकमध्ये असा विजेचा व्हॉल्व्हच नसतो, आपण नळ सोडतो. ऑटोमॅटिकपैकी काही मॉडेल कमी दाबासाठीच बनवलेली असतात. डिशवॉशर ठरलेल्या वेळेत ठरलेले पाणी आले नाही की काम थांबवतो. बॉशच्या मशीनवर तेव्हा ई-१८ दिसतो, एलजीच्या मशीनवर आय-ई. दोन्हींचा अर्थ पाणी पोहोचत नाही एवढाच आहे. पाणी का पोहोचत नाही, हे तो संकेत सांगत नाही.

म्हणून प्लग काढून दोन मापे घ्यावीत. टेपने व्हॉल्व्हपासून टाकीतल्या पाण्यापर्यंतची उभी उंची मोजावी. ती दाब सांगते. मग मशीनचा पाइप सोडून कॉक पूर्ण उघडावा आणि दहा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते पाहावे. मिनिटभरात भरली तर प्रवाह ठीक; बराच जास्त वेळ लागला तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. एका मापावर विसंबू नये, कारण टाकी उंच असूनही कॉक अर्धवट तुंबलेला असू शकतो.

अडथळ्याची पहिली जागा म्हणजे पाइप मशीनला जोडतो तिथली बारीक जाळी. पाणी बऱ्याच दिवसांनी सुटते तेव्हा सुरुवातीला हवा आणि गाळ येतो. तो टाकीत आणि टाकीतून जाळीत. घाटाखाली, जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगावकडच्या खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी वापरणाऱ्यांना क्षारांचा पांढरा थर वेगळा भोगावा लागतो. जाळी लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशने घासली की मोकळी होते. डिशवॉशरचे खास मीठ पाण्याचा कठीणपणा कमी करते, खारेपणा नाही. खाऱ्या बोअरवर मशीन चालवायचेच असेल तर हे आधी समजून घ्यावे.

दाबच कमी असेल तर टाकी लोखंडी स्टँडवर पाच-सहा फूट चढवणे हा टिकाऊ उपाय, मात्र स्लॅबला भार पेलतो का हे गवंड्याला आधी विचारावे. दुसरा उपाय टाकीच्या खालच्या जोडणीवर छोटा प्रेशर पंप. पालिकेच्या नळाला थेट पंप लावणे मात्र शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढणे आहे. टंचाईच्या जिल्ह्यात ते कोणत्याही सोयीसाठी समर्थनीय नाही.

एवढे करूनही पाणी येत नसेल, तेव्हा मशीनवर संशय घ्यावा. गुणगुणही नसेल तर दार नीट लागत नाही किंवा कॉइल जळाली आहे. पाणी उपसणारा पंप थांबतच नसेल तर तळाच्या ट्रेमध्ये गळतीचे पाणी साचून फ्लोट वर आला आहे. सांडपाण्याचा पाइप फार खाली सोडला असेल तर भरलेले पाणी लगेच बाहेर ओढले जाते. मेकॅनिकला फोन करताना संकेत, टाकीची उंची आणि बादलीचा वेळ या तीन गोष्टी सांगाव्यात. तो दूरच्या गावाहून येणार असेल, तर कोणता सुटा भाग सोबत आणायचा हे त्याला निघतानाच ठरवता येते.