बोटीवर नेलेली बाटली

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एक निवृत्त गृहस्थ पत्नीसह दवाखान्यात आले. वय पासष्ट, मधुमेह बारा वर्षांचा, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या गोळ्या चालू. मुलगा अमेरिकेत असतो. त्याने आई-वडिलांना बोलावून घेतले होते आणि फ्लोरिडातील बंदरातून निघणाऱ्या डिस्नेच्या बोटीची चार रात्रींची तिकिटे काढली होती. सोबत सून, सात वर्षांचा नातू आणि चार वर्षांची नात. प्रवासापूर्वी प्रकृती तपासून घ्यावी म्हणून दोघे आले होते.

रक्तदाब पाहून झाला, साखरेचा अहवाल पाहून झाला. मग गृहस्थांनी खुर्ची जरा पुढे ओढली आणि आवाज खाली आणून विचारले, "डॉक्टर, बोटीवर आपली बाटली नेलेली चालते का हो?"

मी काही बोलायच्या आत त्यांनीच पुढे सांगितले, "वाईन नेऊ देतात म्हणे, व्हिस्की नाही. मला तर रात्री दोन पेग लागतात. मित्राने युक्ती सांगितली आहे. गुळण्यांच्या औषधाची बाटली रिकामी करायची, तिच्यात व्हिस्की भरायची आणि थोडा हिरवा रंग घालायचा. कोणाला पत्ता लागत नाही."

इतका वेळ गप्प बसलेल्या बाई तेव्हा म्हणाल्या, "नात आमच्याच खोलीत झोपणार आहे. ती दिसेल ती बाटली तोंडाला लावते."

वाचकहो, आजचा लेख त्या दोघांच्या बोलण्यातून सुचला आहे. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी घरांतील मुले-मुली परदेशात आहेत आणि आई-वडील भेटीला गेले की अशा सहली आता होतात. मुंबईहूनही २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची प्रवासी बोट सुटू लागली. तेव्हा हा विषय आपल्यापासून फार दूरचा राहिलेला नाही.

नियम काय आहे?

डिस्नेच्या पहिल्या बोटीने १९९८ साली फ्लोरिडातील पोर्ट कॅनाव्हरल बंदरातून पहिली सफर केली. लहान मुलांसह प्रवास करणाऱ्या कुटुंबांसाठीच ही बोट बांधलेली. या कंपनीच्या नियमाप्रमाणे २१ वर्षे पूर्ण झालेल्या प्रवाशाला ७५० मिलीलिटरच्या दोन बाटल्या वाईन किंवा शॅम्पेन, अथवा ३५५ मिलीलिटरचे सहा डबे बिअर सोबत नेता येते. हे सामान हातातल्या बॅगेत ठेवावे लागते. वाटेतल्या प्रत्येक बंदरावर पुन्हा तेवढेच आणण्याची मुभा असते. पूर्वी व्हिस्की, रमसुद्धा नेऊ देत असत. २०१५ पासून ते बंद झाले. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या कंपन्या प्रवास सुरू होताना माणशी वाईनची एकच बाटली नेऊ देतात. २०१५ सालीच कार्निव्हलने पाण्याच्या बाटल्या सोबत आणण्यावरही बंदी घातली, कारण पाण्याच्या नावाखाली बाटलीत दुसरेच काही येऊ लागले होते! हे नियम कंपनीगणिक वेगळे असतात आणि बदलतही असतात, म्हणून तिकीट काढतानाच चौकशी करावी.

हा झाला कंपनीचा नियम. आपल्या यकृताचा नियम मात्र कोणत्याही बोटीवर बदलत नाही.

दोन बाटल्या म्हणजे किती?

"दोन बाटल्या वाईन म्हणजे काहीच नाही," असे अनेकांना वाटते. आपण हिशेब करून पाहू. साठ मिलीलिटरच्या मोठ्या पेगात सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. तेरा टक्के मद्यार्क असलेल्या वाईनच्या एका बाटलीत तो ७७ ग्रॅम भरतो. म्हणजे एक बाटली वाईन जवळजवळ चार मोठ्या पेगांबरोबरीची. दोन बाटल्या म्हणजे साडेसात पेग. पाच टक्क्यांच्या बिअरचे सहा डबे घेतले, तरी ८४ ग्रॅम होतात.

आपले यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्क निकालात काढते. एक मोठा पेग शरीरातून जायला दोन ते तीन तास लागतात. कॉफी पिऊन, थंड पाण्याने अंघोळ करून किंवा डेकवर वारा खाऊन हा वेग वाढत नाही.

बोटीवरच्या बारमध्ये प्याला मोजून भरला जातो, पैसे मोजून घेतले जातात आणि माणूस झिंगलेला दिसला तर देणारा हात आखडता घेतो. खोलीत नेलेल्या बाटलीला असा कोणी मोजणारा नसतो. "आणली आहे तर संपवून टाकू, शेवटच्या दिवशी कुठे न्यायची?" असा विचार होतो आणि चार रात्रींचा साठा दोन रात्रींत संपतो. स्वतःच्या बाटलीचा पहिला धोका हाच.

लहान मुलाच्या हाती लागली तर

दुसरा धोका बाईंनी बरोबर ओळखला होता. बोटीवरची खोली लहान असते. आजी-आजोबा आणि नातवंडे यांचे सामान एकाच टेबलावर, दात घासण्याचे साहित्य एकाच न्हाणीघरात. त्यात व्हिस्की जर गुळण्यांच्या औषधाच्या, पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरलेली असेल, तर ती मुलाने तोंडाला लावली यात मुलाचा काय दोष?

बारा किलो वजनाच्या मुलाच्या पोटात नुसती ३० मिलीलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे व्हिस्की गेली, तरी त्याच्या रक्तातील मद्यार्क आपल्याकडे वाहनचालकासाठी जी कायदेशीर मर्यादा आहे तिच्या सुमारे चौपट होऊ शकतो. शिवाय लहान मुलांच्या यकृतात साखरेचा साठा थोडा असतो. मद्यार्कामुळे नवी साखर तयार होणे थांबते, रक्तातील साखर झपाट्याने उतरते, मूल सुस्तावते आणि त्याला झटके येऊ शकतात. दिवसभर खेळून दमले असेल म्हणून घरचे त्याला झोपू देतात आणि मोलाचा वेळ जातो. त्यातही बाटली चोरून आणलेली असेल, तर "ती व्हिस्की होती" हे डॉक्टरांना सांगायला मोठ्यांची जीभ रेटत नाही.

असे घडलेच तर मुलाला ओकारी काढायला लावू नये. ताबडतोब बोटीवरच्या दवाखान्यात न्यावे आणि काय प्यायले, साधारण किती प्यायले, केव्हा प्यायले हे खरे सांगावे. दंड झाला तर होवो. मूल वाचणे महत्त्वाचे.

गोळ्या आणि मद्य

तिसरा धोका आपल्या औषधांच्या डब्यात असतो. ग्लिमेपिराइड, ग्लायबेनक्लामाइड या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही माणसाने रिकाम्या पोटी मद्य घेतले, तर काही तासांनी, कधी पहाटेसुद्धा, साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. घाम येतो, बोलणे अडखळते, तोल जातो. आणि खरी मेख इथेच आहे. ही सगळी लक्षणे दारू चढल्यासारखीच दिसतात. "जास्त झाली आहे, झोपू द्या," असे म्हणून घरचे दार ओढून घेतात. अशा वेळी साखर तपासावी. यंत्र जवळ नसेल आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून द्यावे आणि डॉक्टरांना बोलवावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये. कुशीवर वळवून मदत बोलवावी.

मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना अति मद्य आणि त्याबरोबर उलट्या-जुलाब झाले, तर रक्तातील आम्ल वाढण्याचा धोका असतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांवर मद्य घेतले की उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात पायाखालची जमीनही हलती! रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या वृद्धाने न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून डोक्यावर पडणे ही साधी गोष्ट नव्हे. झोपेची गोळी आणि मद्य यांचे तर मुळीच जमत नाही. दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

आता बोट लागण्याविषयी. कोकण बोटीने मुंबईहून पणजीला गेलेल्या पिढीत "ब्रँडीचा घोट घेतला की बोट लागत नाही" अशी समजूत होती. ती चुकीची आहे. मद्यामुळे कानाच्या आतील तोल सांभाळणारी यंत्रणाच बिघडते आणि मळमळ वाढते. ॲव्होमिन, सिनारिझीन यांसारखी गोळी घेतली असेल तर त्यावर मद्य घेऊ नये. गुंगी फार येते. प्रवासात पोट बिघडले म्हणून मेट्रोनिडॅझोल किंवा टिनिडॅझोल घेत असाल, तर गोळ्या संपल्यानंतर तीन दिवसांपर्यंत मद्य टाळावे.

"लागते" म्हणजे काय?

त्या गृहस्थांच्या बोलण्यातला एक शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. ते "दोन पेग घेतो" म्हणाले नाहीत, "दोन पेग लागतात" म्हणाले. चार रात्री नातवंडांसोबत समुद्रावर घालवायच्या आहेत आणि मन मात्र बाटली कशी लपवावी यात गुंतले आहे. नियमात बसते तेवढे नेणारा माणूस वेगळा. औषधाच्या बाटलीत रंग मिसळून नेणाऱ्या माणसाने मात्र एकदा स्वतःला विचारावे, की मी बाटली नेतो आहे की बाटली मला नेते आहे?

येथे एक सावधगिरीची सूचना. ज्यांना सकाळी उठल्यावर हात कापतात म्हणून घ्यावी लागते, जे कित्येक वर्षे रोज भरपूर पितात, त्यांनी बोटीवर पाय ठेवून एकदम बंद करण्याचे धाडस करू नये. सहा ते चोवीस तासांत कंप, घाम, बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. त्यानंतर भ्रम होऊन माणूस भलतेच बडबडू लागतो. भर समुद्रात हे सारे निस्तरणे अवघड असते. अशांनी प्रवासाच्या एक-दोन महिने आधीच डॉक्टरांना भेटावे. बंद करण्यासाठी चांगली औषधे आहेत आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

मग काय करावे?

न घेणे हे सर्वांत उत्तम. मद्य हे कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ सालीच नोंदवले आहे आणि मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे त्या संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले. तरीही ज्यांना घ्यायचेच आहे त्यांनी पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

बाटली मूळचीच असावी, तिच्यावर नाव असावे आणि ती मुलांच्या हाताला येणार नाही अशी कुलूपबंद ठेवावी. अर्धवट भरलेले प्याले रात्री तसेच ठेवून झोपू नये. पहाटे आधी उठतात ती मुलेच. कोणत्या रात्री किती घ्यायची हे घरी असतानाच ठरवावे आणि जोडीदाराला सांगून ठेवावे. जेवणाआधी नव्हे, जेवणासोबत घ्यावी. उन्हात डेकवर बसून आणि पोहण्याआधी घेऊ नये. मुलांसोबतच्या मोठ्यांपैकी निदान एकाने त्या रात्री मुळीच घेऊ नये. परदेशी उपचारांचा खर्च फार असतो आणि बहुतेक प्रवास विम्यांत नशेत झालेल्या दुखापतीची भरपाई मिळत नाही, तेव्हा विम्याचे कलम आधी वाचावे. मधुमेह्यांनी ग्लुकोज, साखर तपासण्याचे यंत्र आणि औषधांची चिठ्ठी हातातल्या बॅगेतच ठेवावी.

त्या गृहस्थांना मी एवढेच म्हणालो, "तुमच्या हातात सहा आठवडे आहेत. आपण हळूहळू कमी करू." सुरुवातीला ते नाराज झाले. दोनाचा दीड, दीडाचा एक असे करत निघण्याच्या आठवड्यात ते शून्यावर आले. झोप काही दिवस बिघडली, चिडचिड झाली, एकदा बाईंचा फोनही आला. पण ते टिकले.

फेब्रुवारीत दोघे पुन्हा तपासणीला आले. साखर बरी होती. मी विचारले, "कशी झाली सफर?" गृहस्थ म्हणाले, "पहिल्या रात्री फार आठवण झाली हो. झोपच येईना. पहाटे नात उठली, तिला घेऊन वर गेलो. दोघांनी सूर्य उगवताना पाहिला."

बाई पर्समधली गोळ्यांची चिठ्ठी शोधत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "एरवी त्या वेळी यांना जाग कुठे असायची?"